ड्युअल बूट मशीनवर डी ड्राइव्ह दिसत नाही, किंवा दिसतो पण लिहू देत नाही

विंडोजमध्ये डी ड्राइव्ह व्यवस्थित उघडतो. मशीन बंद करून त्यावरच असलेलं उबुंटू किंवा मिंटसारखं लिनक्स सुरू केलं (एकाच मशीनवर अशा दोन सिस्टिम म्हणजे ड्युअल बूट), की तोच ड्राइव्ह डाव्या पट्टीतून गायब असतो, नाहीतर क्लिक केल्यावर लांबलचक एरर येते, नाहीतर उघडतो पण फाइल पेस्ट करू देत नाही. काहीतरी खटपट करून तो परत येतो आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. उलट बाजूनेही असंच होतं: लिनक्समध्ये तयार केलेलं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) विंडोजच्या ‘धिस पीसी’मध्ये उमटतच नाही.

तक्रार एकसारखी वाटली तरी कारणं वेगवेगळी असतात, आणि एका कारणाचा उपाय दुसऱ्याला लावला तर डेटा हातचा जातो. त्यातलं जे कारण पुन्हा पुन्हा उलटतं ते बहुतेक वेळा एकच निघतं: ‘शट डाउन’ दाबूनही विंडोज खरोखर बंद झालेलं नसतं. त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण आधी ड्राइव्ह नेमका कुठे अडकलाय ते पाहून घ्या.

त्याहीआधी एक ताकीद. विंडोजने ‘यू नीड टु फॉरमॅट द डिस्क’ असं विचारलं, किंवा डिस्क मॅनेजमेंट उघडताच ‘इनिशियलाइझ डिस्क’ची चौकट आली, तर ‘कॅन्सल’ दाबा. डिस्क बिघडली आहे असा त्याचा अर्थ होत नाही, विंडोजला तिच्यावरची फाइल सिस्टिम (फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) वाचता येत नाही एवढाच होतो. घाईत दाबलेल्या ‘ओके’मुळे गेलेला डेटा खुद्द मूळ बिघाडामुळे क्वचितच गेला असता.

या लेखातल्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत द्या. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा.

ड्राइव्ह हरवतो कुठे

उदाहरणादाखल हल्ली घरोघरी दिसणारा लॅपटॉप घेऊ: ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, तिच्यावर विंडोज ११ आणि उबुंटू, शिवाय १ टीबीची हार्ड डिस्क, तिच्यावर डी ड्राइव्ह.

उबुंटूत ‘डिस्क्स’ नावाचं ॲप उघडा. डावीकडे मशीनमधल्या डिस्क दिसतात, उजवीकडे निवडलेल्या डिस्कवरची पार्टिशनं पट्टीच्या रूपात. १ टीबीची डिस्क डावीकडच्या यादीतच नसेल, तर प्रश्न बायोस (मशीनची मूळ सेटिंग्ज), कंट्रोलर किंवा केबलचा आहे. फाइल सिस्टिमच्या उपायांचा तिथे काडीचा उपयोग नाही. डिस्क आहे, पण पार्टिशनवर एनटीएफएसऐवजी (ही विंडोजची फाइल सिस्टिम) ‘बिटलॉकर’, ‘एलडीएम’ किंवा ‘अननोन’ लिहिलेलं असेल, तर ड्राइव्ह एनक्रिप्ट केलेला म्हणजे कुलूपबंद आहे, किंवा डिस्क डायनॅमिक म्हणजे विंडोजच्या खास मांडणीची आहे. एनटीएफएस लिहिलंय, पण खालचं ‘प्ले’चं त्रिकोणी बटण दाबल्यावर एरर येते किंवा ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतो, तर विंडोजने तो अर्धवट सोडला आहे. आणि ‘माउंटेड ॲट’ (म्हणजे ड्राइव्ह जोडलेला आहे) असं लिहिलेलं असूनही फाइल मॅनेजरमध्ये दिसत नसेल, तर बिघाड काहीच नाही, फक्त माउंटच्या पर्यायांत तो लपवलेला आहे.

टर्मिनलची सवय असेल तर ‘एलएसबीएलके -एफ’ हीच माहिती एका नजरेत देते. फाइल सिस्टिमच्या रकान्यात एनटीएफएस असतं, पण माउंट पॉइंटचा रकाना रिकामा असतो, ही सगळ्यात नेहमीची अवस्था.

‘शट डाउन’ म्हणजे बंद नव्हे

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ‘शट डाउन’ दाबल्यावर विंडोज तुमचे प्रोग्राम बंद करतं, तुम्हाला लॉग आउट करतं, पण स्वतःचं कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि ड्रायव्हर मात्र होते त्या अवस्थेत सी ड्राइव्हवरच्या ‘हायबरफिल’ या फाइलमध्ये उतरवून ठेवतं. पुढच्या वेळी ती अवस्था तशीच रॅममध्ये उचलली जाते, म्हणून मशीन लवकर सुरू होतं. ‘रीस्टार्ट’ दाबल्यावर मात्र असं काही होत नाही, तेव्हा विंडोज मुळापासून बंद होतं. अनेकांना हे उलटं वाटतं, आणि घोळ इथेच सुरू होतो.

आता डी ड्राइव्हचा यात संबंध काय? त्या जपून ठेवलेल्या अवस्थेत जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हचा हिशेबही असतो: कोणती जागा मोकळी, कोणती फाइल कुठे. दुकानदाराने बेरीज डोक्यात ठेवून वही उघडी टाकून जेवायला जावं, मागे दुसऱ्याने त्याच वहीत नोंदी कराव्यात, आणि परत आल्यावर पहिल्याने आपली जुनी बेरीज वर लिहावी, तसं होतं. लिनक्सने मधल्या काळात डी ड्राइव्हवर काही लिहिलं, तर जागं झालेलं विंडोज आपल्या जुन्या माहितीवर विसंबून तेच भाग पुन्हा वापरतं. नवीन फाइल नाहीशी होते, कधी अख्ख्या फोल्डरची वाताहत होते. लिनक्सचा ड्रायव्हर लिहायला नकार देतो तो यासाठीच. तो नकार तुमच्या भल्याचा आहे. ‘फोर्स’ वापरून तो मोडून काढायचा सल्ला कुणी दिला तरी ऐकू नका.

आत्ता लगेच ड्राइव्ह हवा असेल तर सोपी वाट आहे. विंडोज सुरू करा, ‘रीस्टार्ट’ दाबा, ग्रबचा (सुरुवातीला सिस्टिम निवडायचा) मेनू आला की उबुंटू निवडा. मशीन पूर्ण बंदच करायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’वर क्लिक करा. कमांड प्रॉम्प्टमधून ‘शटडाउन /एस /टी ०’ दिलं तरी तेच होतं. यानंतर ड्राइव्ह सरळ उघडला, तर रोग सापडला.

कायमचा उपाय दोन प्रकारे होतो. पहिला: कंट्रोल पॅनेल, त्यात ‘पॉवर ऑप्शन्स’, डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, मग ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’. ही ओळ दाबल्याशिवाय खालच्या चौकटी फिक्याच राहतात. आता ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची खूण काढा आणि ‘सेव्ह चेंजेस’ दाबा. हा पर्याय तिथे दिसतच नसेल तर हायबरनेशन (चालू अवस्था डिस्कवर उतरवून मशीन बंद करणं) आधीच बंद आहे.

दुसरा: कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’. याने हायबरनेशनच बंद होतं, फास्ट स्टार्टअपही त्याबरोबर जातं, आणि हायबरफिल फाइल पुसली जाते. ती फाइल सहसा रॅमच्या ४० टक्के असते. १६ जीबी रॅम असेल तर साडेसहा जीबीच्या आसपास जागा सी ड्राइव्हवर मोकळी होते. तोटा एकच: लॅपटॉप स्लीपमध्ये असताना बॅटरी पूर्ण उतरली तर उघडं काम जपलं जाणार नाही.

ड्युअल बूट लॅपटॉपवर आमचा कौल दुसऱ्या उपायाला, आणि त्यामागे कारण आहे. फक्त फास्ट स्टार्टअपची खूण काढली तरी हायबरनेशन जिवंत राहतं. रात्री झाकण लावून लॅपटॉप बॅगेत टाकला, स्लीपमध्ये बॅटरी उतरत गेली, की विंडोज आपणहून हायबरनेटमध्ये जातं. सकाळी बटण दाबल्यावर ग्रब येतो, तुम्ही सवयीने उबुंटू निवडता आणि डी ड्राइव्ह पुन्हा बंद. ‘फास्ट स्टार्टअप तर केव्हाच काढलंय, तरी असं का?’ या प्रश्नाचं उत्तर बरेचदा हेच असतं.

विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर हा पर्याय पुन्हा चालू झालेला आढळतो. त्यामुळे ड्राइव्ह पुन्हा हरवला की सगळ्यात आधी ‘पॉवरसीएफजी /ए’ द्या. मशीनवर कोणत्या निद्रावस्था उपलब्ध आहेत त्याची यादी येते. ‘फास्ट स्टार्टअप’ आणि ‘हायबरनेट’ खालच्या, उपलब्ध नसलेल्यांच्या यादीत असले पाहिजेत. वरच्या यादीत दिसले तर वरचीच आज्ञा पुन्हा द्या.

हाच नियम लिनक्सलाही लागू आहे. उबुंटू हायबरनेट करून मध्येच विंडोजमध्ये जाऊन डी ड्राइव्हवर लिहू नका. तिथे अडवणारं कुणी नसतं.

आणखी एक चुकीची पळवाट: एनटीएफएस नकार देतं म्हणून डी ड्राइव्ह एक्सफॅट या दुसऱ्या फाइल सिस्टिममध्ये फॉरमॅट करायचा. एक्सफॅटवर लिनक्स फार तर लॉगमध्ये एक इशारा लिहितं आणि ड्राइव्ह उघडून देतं. म्हणजे एरर जाते, धोका तसाच राहतो, शिवाय एक्सफॅटला जर्नल (बदलांची नोंदवही) नाही. दोन सिस्टिममध्ये सामायिक ड्राइव्हसाठी एनटीएफएसच ठेवा.

पूर्ण बंद करूनही एरर येते तेव्हा

वीज गेली, मशीन बटण दाबून बंद केलं, किंवा यूएसबी डिस्क ‘इजेक्ट’ न करता उपटली, की एनटीएफएसवर ‘डर्टी’ खूण राहते. विंडोज स्वतः तिच्याकडे काणाडोळा करून ड्राइव्ह उघडतं, लिनक्स करत नाही.

लिनक्समध्ये एनटीएफएसचे दोन ड्रायव्हर सध्या वापरात आहेत आणि दोघांची वागणूक निराळी आहे. जुना ‘एनटीएफएस-३जी’ संशय आला की फक्त वाचण्यापुरता उघडतो. फाइल मॅनेजरमध्ये ‘पेस्ट’ फिकं पडलेलं दिसतं. कर्नलमधला ‘एनटीएफएस३’ २०२१ मध्ये लिनक्स ५.१५ बरोबर आला. तो डर्टी खूण दिसताच उघडायलाच नकार देतो, आणि पडद्यावर ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ असं भीतिदायक वाक्य येतं. ते वाचून फाइल सिस्टिम उद्ध्वस्त झाली असं समजू नका. ‘सुडो डीएमईएसजी’ चालवून शेवटच्या ओळी पाहा. ‘व्हॉल्यूम इज डर्टी’ असं सापडलं तर प्रकरण किरकोळ आहे. ड्राइव्ह उघडलेला असताना ‘फाइंडएमएनटी’ने कोणता ड्रायव्हर चालू आहे ते कळतं: प्रकाराच्या रकान्यात ‘फ्यूजबीएलके’ असेल तर जुना, ‘एनटीएफएस३’ असेल तर नवा. वितरणाची (उबुंटू, मिंटसारख्या लिनक्सची) नवी आवृत्ती घेतल्यावर ‘आधी निदान वाचता तरी येत होतं’ अशी तक्रार येते, ती या बदलामुळे.

दुरुस्ती विंडोजमधूनच करा. ‘एफएसयूटिल डर्टी क्वेरी डी:’ दिल्यावर खूण आहे की नाही ते कळतं. असेल तर ‘सीएचकेडीएसके डी: /एफ’. ड्राइव्हवरची एखादी फाइल उघडी असेल तर तो जबरदस्तीने वेगळा करू का असं विचारतो. उघड्या फाइल बंद करून मग ‘वाय’ द्या. ‘/आर’ सहसा लागत नाही. त्यात प्रत्येक सेक्टर वाचला जातो आणि १ टीबीच्या हार्ड डिस्कवर कित्येक तास जातात. काम झालं की ‘रीस्टार्ट’ करून उबुंटूत या.

लिनक्समध्ये ‘एनटीएफएसफिक्स’ नावाची आज्ञा आहे. नावावरून सीएचकेडीएसकेचा पर्याय वाटतो, पण तो नाही. ती काही ठरावीक विसंगती सुधारते, एनटीएफएसचं जर्नल रिकामं करते, आणि ‘-डी’ जोडलं तर डर्टी खूण पुसते. खूण पुसल्याने आतला बिघाड दुरुस्त होत नाही. विंडोज मशीनवरून काढून टाकलेलंच असेल, किंवा ते सुरूच होत नसेल आणि डेटाची प्रत आधी घेतलेली असेल, तेव्हाच ती वापरा. हायबरनेट झालेल्या विंडोजच्या सी ड्राइव्हवर तर मुळीच नको. ‘रिमूव्ह_हायबरफाइल’ हा माउंटचा पर्यायही तसाच: झोपलेलं सत्र त्यातल्या न जपलेल्या कामासकट कायमचं जातं.

कुलूप: बिटलॉकर

विंडोजमध्ये डी ड्राइव्ह कधीच पासवर्ड विचारत नाही, म्हणून तो एनक्रिप्ट झालेला नाही असं धरून चालू नका. सी ड्राइव्ह उघडला की डी आपोआप उघडावा अशी सोय असते, त्यामुळे कुलूप जाणवतच नाही. लिनक्समध्ये मात्र तेच ‘बिटलॉकर’ म्हणून समोर येतं. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने इन्स्टॉल केलेल्या विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की डिव्हाइस एनक्रिप्शन बाय डिफॉल्ट चालू होतं, होम आवृत्तीतसुद्धा. त्यामुळे नव्या लॅपटॉपवर ही शक्यता आधीच तपासा: ‘मॅनेज-बीडीई -स्टेटस’.

ड्राइव्ह एनक्रिप्टेडच ठेवायचा असेल तरी लिनक्समध्ये उघडता येतो. फाइल मॅनेजरमध्ये त्यावर क्लिक केल्यावर पासवर्ड विचारला जातो. ड्राइव्हला स्वतःचा पासवर्ड दिलेला नसेल तर तिथे ४८ अंकी रिकव्हरी की द्या, सहा-सहा अंकांचे आठ गट, मधल्या आडव्या रेघांसकट. ही की बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. डी ड्राइव्हची की आणि सी ड्राइव्हची की वेगळी असते, की-आयडी जुळवून घ्या. एकाची की दुसऱ्याला लावून ‘की चालत नाही’ असं म्हणणं फार होतं.

एनक्रिप्शनची गरजच नसेल तर ‘मॅनेज-बीडीई -ऑफ डी:’. लगेच कमांड प्रॉम्प्ट परत येतो, पण उलगडण्याचं काम मागे चालूच राहतं. ‘-स्टेटस’मध्ये टक्केवारी शून्यावर येईपर्यंत लिनक्समध्ये जाऊ नका. लॅपटॉप बाहेर नेत असाल तर आम्ही एनक्रिप्शन काढण्यापेक्षा की कागदावर लिहून ठेवण्याच्या बाजूचे आहोत.

डिस्कच यादीत नाही

‘डिस्क्स’मध्ये डावीकडे डिस्क नावालाही नाही, पण विंडोजमध्ये चालते, अशा वेळी इंटेलच्या प्रोसेसरचं मशीन असेल तर बायोसमध्ये डिस्क जोडण्याचा मोड ‘आरएसटी’, ‘रेड’ किंवा ‘व्हीएमडी’ आहे का पाहा. नव्या वितरणांना व्हीएमडी बहुधा ओळखता येतो. जुन्या रेड मोडमागे लपलेली एनव्हीएमई मात्र लिनक्सला दिसत नाही. ‘डीएमईएसजी’मध्ये ‘रीमॅप्ड एनव्हीएमई’ असा उल्लेख आणि बायोस रेडवरून एएचसीआय या साध्या मोडवर आणा अशी स्पष्ट सूचनाच मिळते.

पण बायोसमध्ये थेट एएचसीआय केलंत तर विंडोज ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची निळी पाटी दाखवून थांबतं, कारण त्याने सुरुवातीला उचलायचा ड्रायव्हर जुन्या मोडचा असतो. क्रम असा ठेवा. बिटलॉकर असेल तर रिकव्हरी की हाताशी घ्या आणि संरक्षण तात्पुरतं थांबवा. खात्याचा पूर्ण पासवर्ड आठवतोय याची खात्री करा, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही. ‘एमएसकॉन्फिग’ उघडून ‘बूट’मध्ये ‘सेफ बूट’, ‘मिनिमल’ निवडा. रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, मोड एएचसीआय करा, जपून ठेवा. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होताना योग्य ड्रायव्हर उचलतं. आत गेल्यावर ‘एमएसकॉन्फिग’मधली ती खूण काढा आणि पुन्हा रीस्टार्ट करा.

हे करू नये अशी एकच परिस्थिती आहे, पण ती महत्त्वाची: दोन डिस्क खरोखर रेडमध्ये जोडलेल्या असतील, किंवा हार्ड डिस्कला ऑप्टेनची (इंटेलच्या वेगवान मेमरीची) कॅश लावलेली असेल, तर आधी इंटेलच्या ॲपमधून ती जोडणी सोडवा. नाहीतर मोड बदलताच त्यावरचा डेटा वाचता येणार नाही.

उलट बाजू: विंडोजला पार्टिशन दिसत नाही

स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. पार्टिशन एनटीएफएस आहे, फक्त अक्षर नाही, तर उजवी क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, ‘ॲड’. डी हे अक्षर कार्ड रीडरने किंवा नेटवर्क ड्राइव्हने पटकावलेलं असेल तर दुसरं द्या. डिस्कच्या नावाखाली ‘ऑफलाइन’ लिहिलेलं असेल तर नावावरच उजवी क्लिक करून ‘ऑनलाइन’ करा. एका डिस्कचा क्लोन दुसरीवर काढून दोन्ही लावल्या की दोघींची ओळख सारखीच राहते आणि विंडोज एकीला ऑफलाइन ठेवतं.

उजवी क्लिक केल्यावर अक्षराचा पर्यायच फिका असेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली, लपवल्याची खूण. ‘डिस्कपार्ट’, मग ‘लिस्ट व्हॉल्यूम’, आकार पाहून ‘सिलेक्ट व्हॉल्यूम ४’ (तुमचा क्रमांक), मग ‘ॲट्रिब्यूट्स व्हॉल्यूम’. ‘हिडन: येस’ आलं तर ‘ॲट्रिब्यूट्स व्हॉल्यूम क्लिअर हिडन’, आणि शेवटी ‘असाइन लेटर=ई’. डिस्क एमबीआर (जुन्या पार्टिशन तक्त्याच्या) पद्धतीची असेल तर ही खूण त्या डिस्कवरच्या सगळ्याच व्हॉल्यूमना लागू होते, हे लक्षात ठेवा. ईएफआय (मशीन सुरू करण्यासाठीचं) आणि रिकव्हरी ही लहान पार्टिशनं मुद्दाम लपवलेली असतात, त्यांना अक्षर देऊ नका.

दुसरी गोष्ट पार्टिशनच्या प्रकाराची, आणि ती फार जणांच्या ध्यानात येत नाही. लिनक्समध्ये ‘एफडिस्क’ने नवं पार्टिशन केलं की त्याचा प्रकार आपोआप ‘लिनक्स फाइलसिस्टिम’ नोंदला जातो. नंतर ते एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलं तरी पार्टिशन तक्त्यातली नोंद बदलत नाही. विंडोज आधी ती नोंद वाचतं, ‘हे माझं नाही’ असं ठरवतं आणि आत डोकावतच नाही. लिनक्सला मात्र आत काय आहे ते दिसतं, म्हणून तिथे सगळं ठीक चालतं. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे: उबुंटूच्या ‘डिस्क्स’मध्ये ते पार्टिशन निवडा, गिअरच्या चिन्हात ‘एडिट पार्टिशन’, आणि प्रकार ‘बेसिक डेटा’ करा. जीपार्टेड वापरत असाल तर ‘मॅनेज फ्लॅग्ज’मध्ये ‘एमएसएफटीडेटा’वर खूण करा. एमबीआर डिस्कवर हाच प्रकार ८३ चा ०७ करायचा, आणि तिथे १७ दिसला तर तो ‘लपवलेला एनटीएफएस’, त्यालाही ०७ करा. यात फक्त नोंद बदलते, आतला डेटा जागचा हलत नाही.

ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या मशीनवर ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्ह नाही, पण ॲड्रेस बारमध्ये ‘डी:’ टाइप केलं की उघडतो, असं असेल तर पॉलिसीने तो लपवला आहे. तिथल्या सिस्टिम ॲडमिनशी बोला.

पार्टिशन खरोखर ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) असेल तर विंडोज ते स्वतःहून वाचत नाही. लिनक्स दुसऱ्या, स्वतंत्र डिस्कवर असेल तर विंडोज ११ मधलं डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) कामी येतं: ‘डब्ल्यूएसएल --माउंट’ला डिस्कचं नाव, पार्टिशनचा क्रमांक आणि प्रकार द्या, झाल्यावर ‘डब्ल्यूएसएल --अनमाउंट’. मात्र ते पूर्ण डिस्क ताब्यात घेतं, एकटं पार्टिशन नाही. त्यामुळे विंडोज आणि उबुंटू एकाच एसएसडीवर असतील, आपल्या उदाहरणातल्यासारखे, तर हा मार्ग बंद आहे. अशा मशीनवर लागणाऱ्या फाइल सरळ डी ड्राइव्हवर ठेवणं हेच बरं.

जुन्या एमबीआर डिस्कवर चारपेक्षा जास्त पार्टिशन करताना विंडोजने ‘डायनॅमिक’ करू का असं विचारलं आणि कुणी ‘येस’ म्हटलं, की लिनक्समध्ये ते ‘एलडीएम’ म्हणून दिसतं. ‘एलडीएमटूल’ इन्स्टॉल करून ‘सुडो एलडीएमटूल क्रिएट ऑल’ दिलं की आतले व्हॉल्यूम उघडता येतात. परत बेसिक करण्यासाठी विंडोजच्या स्वतःच्या साधनाने सगळे व्हॉल्यूम पुसावे लागतात, म्हणून आधी डेटा बाहेर काढा.

दर वेळी आपोआप यावा म्हणून

ड्राइव्ह नीट उघडू लागला की तो सुरुवातीलाच जोडला जाईल असं करून ठेवा. ‘डिस्क्स’मध्ये पार्टिशन, गिअर, ‘एडिट माउंट ऑप्शन्स’. ‘युजर सेशन डिफॉल्ट्स’ बंद करा, ‘माउंट ॲट सिस्टिम स्टार्टअप’ आणि ‘शो इन युजर इंटरफेस’ चालू करा. ड्राइव्ह जोडलेला असून दिसत नव्हता तो बहुतेक ‘शो इन युजर इंटरफेस’ची खूण नसल्यामुळेच. माउंट पॉइंट ‘/एमएनटी/डेटा’ द्या, ‘आयडेंटिफाय ॲज’मध्ये यूयूआयडीची (पार्टिशनच्या ओळखक्रमांकाची) ओळ निवडा, कारण ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावं डिस्कच्या क्रमाप्रमाणे बदलतात. वरच्या पर्यायांच्या ओळीत ‘नोफेल’ आहे ना ते पाहा. ते नसेल आणि ड्राइव्ह सापडला नाही, तर उबुंटू सुरू होताना ९० सेकंद वाट पाहतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं. त्याच ओळीत ‘यूआयडी=१०००,जीआयडी=१०००’ जोडा, म्हणजे फाइल तुमच्या मालकीच्या दिसतील. ड्राइव्ह पुढे कधी फॉरमॅट केला की यूयूआयडी बदलतो, तेव्हा ही नोंद नव्याने करावी लागते.

मराठीत फाइलींना लांब नावं देणाऱ्यांसाठी एक खास अडचण. एनटीएफएसवर नाव २५५ वर्णांपर्यंत चालतं. ईएक्सटी४ वर मर्यादा २५५ बाइटची आहे, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात: ‘महाराष्ट्र’ या एका शब्दातच १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. त्यामुळे डी ड्राइव्हवर सुखाने नांदणारी फाइल उबुंटूच्या होम फोल्डरमध्ये कॉपी करताना ‘फाइल नेम टू लाँग’ येतं. ड्राइव्ह बिघडलेला नाही. नाव ८५ चिन्हांच्या आत आणा. उलट दिशेने, लिनक्समध्ये नावात विसर्गचिन्हासारखा कोलन किंवा प्रश्नचिन्ह घातलं तर विंडोजमध्ये ती फाइल उघडत नाही. माउंटच्या पर्यायांत ‘विंडोज_नेम्स’ जोडलं की अशी नावं मुळात देताच येत नाहीत.

कधी येतो, कधी जातो

वरचं सगळं तपासूनही ड्राइव्ह मनाला येईल तेव्हा दोन्ही सिस्टिममधून गायब होत असेल, तर सॉफ्टवेअरचा नाद सोडा. ‘डिस्क्स’मध्ये डिस्क निवडून तीन ठिपक्यांच्या मेनूतून ‘स्मार्ट डेटा अँड सेल्फ-टेस्ट्स’ उघडा. ‘यूडीएमए सीआरसी एरर काउंट’ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा खाचेचा. डेस्कटॉपवर सॅटा केबल बदला. हा आकडा केबल बदलल्यावर शून्य होत नाही, पुढे वाढतोय का तेवढं पाहायचं. ‘करंट पेंडिंग सेक्टर काउंट’ शून्याहून जास्त असेल तर डिस्कचे काही भाग वाचता येईनासे झाले आहेत. अशा डिस्कवर सीएचकेडीएसके चालवू नका, त्याच्या ताणाने ती अर्ध्यातच मान टाकू शकते. लिनक्समधून फक्त वाचण्यापुरती जोडा, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवा, मोठे व्हिडिओ सगळ्यात शेवटी.